टेकला की थांबायचं

कॉम्प्युटर उघडायला काय काय हत्यारं लागतात, हा प्रश्न कोल्हापुरात मोठ्याने विचारू नये. ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता फौंड्र्या उभ्या केलेलं गाव हे. हत्यारांबद्दल इथे प्रत्येकाचं मत तयार असतं, आणि ते बहुधा उद्यमनगरातून आलेलं असतं.

आमच्या मामांची हयात तिथे लेथवर गेली. मी पीसी जोडायला बसलो तेव्हा त्यांनी एक स्क्रू दोन बोटांत धरून बघितला. "ह्यो काय घड्याळाचा हाय व्हय?" मग माझ्या हाताकडे बघून, "आणि मूठ एवढी बारकी? जोर कुठनं लावणार?"

जोर लावायचाच नसतो, मदरबोर्डचा स्क्रू टेकला की थांबायचं, हे त्यांना पटेना. त्यांच्या हिशेबात टेकल्यावरच काम सुरू होतं.

वास्तविक निम्म्याहून जास्त काम एकट्या दोन नंबरच्या फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरने होतं. दांडी लांब हवी आणि टोकाला लोहचुंबक हवं. चुंबक कशाला, ते स्क्रू ग्राफिक्स कार्डाखाली घरंगळला की कळतं. रॅमच्या पट्टीची सोनेरी टोकं पुसायला पोराच्या दप्तरातलं पांढरं खोडरबर चालतं. पण लक्ष्मीपुरीत दुकानदाराने काढला तो बत्तीस नगांचा सेट. "सगळं येतं यात, साहेब." येतं खरं. त्यातलं पाच पाकळ्यांचं टोक ज्या लॅपटॉपला लागतं, तो आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाकडे नाही. आणि जे टोक रोज लागतं, ते इतक्या मऊ लोखंडाचं की चार स्क्रूंत गुळगुळीत. डबी मात्र झकास आहे.

धुळीवरही मामांकडे तोडगा होता. "कारखान्यात घिऊन ये, कॉम्प्रेसरची हवा मारू." त्या हवेत पाणी असतं, तेल असतं, आणि पंखा तिच्या झोताने असा गरगरतो की बेअरिंगच जावं. आम्ही ब्रशवर भागवलं. पंख्यात बोट घालून तो धरून ठेवायचं काम मामांनी केलं, पण तोंड वाकडं करून.

त्यांचा चेहरा खुलला तो स्क्रूंची वर्गवारी करताना. जाड आट्याचे कॅबिनेटला आणि मोठ्या हार्ड डिस्कला, बारीक आट्याचे एसएसडीला. मामांनी आट्यांवरून नख फिरवलं. "आरं, ह्यो इंचातला! बत्तीस आट्याचा. आणि ह्यो मिलिमीटरातला. एकाच डब्यात दोन्ही? कुठल्या शहाण्यानं केलंय हे?"

आधी कुण्या दुरुस्तीवाल्याने कॅबिनेटच्या एका भोकात नेमका चुकीचा स्क्रू दामटला होता. आटे गेलेले. मी नव्या कॅबिनेटची किंमत काढत होतो, तोवर मामा घरी जाऊन टॅप घेऊन आले. तेलाचा एक थेंब सोडला आणि दोन बोटांनी, अर्धा फेरा पुढं, पाव मागं, पुन्हा अर्धा पुढं. श्वाससुद्धा जपून घेत होते. स्क्रू लोण्यासारखा बसला. टेकला आणि मामा थांबले.

"मामा, जोर?"

"पत्र्याला कोण जोर लावतंय, येड्या."

जाताना माझा चुंबकवाला स्क्रू ड्रायव्हर त्यांनी खिशात घातला. "बघून देतो," म्हणाले. सध्या मी डबीतल्या उरलेल्या एकतीस टोकांवर भागवतोय.