घरबसल्या गर्दी वाजवायला शिका

पेटी, बासरी, शिवणकाम, झालंच तर तीस दिवसांत इंग्रजी, असं सगळं शिकवणारी पुस्तकं दादरच्या फुटपाथवर वर्षानुवर्षं मिळत आली आहेत. गर्दी वाजवायला शिकवणारं पुस्तक मात्र अजून कुणी काढलेलं माझ्या पाहण्यात नाही. म्हणून हा अल्पसा प्रयत्न. या विद्येला गळा लागत नाही. कान लागतात, आणि हात आवरता यावा लागतो.

साहित्य फार नाही. वरखाली सरकणाऱ्या फेडरांचं एक मिक्सर, कानाला घट्ट बसणारे हेडफोन, समोर सामन्याचं चित्र आणि एक कीबोर्ड. त्याच्या प्रत्येक पट्टीत एकेक आवाज भरलेला: चौकाराचा, षटकाराचा, ‘अरेरे’चा, अपिलाचा. प्रेक्षक नसले तरी चालतील. चेष्टा नाही. 17 जून 2020 ला इंग्लंडची प्रीमियर लीग रिकाम्या मैदानांत पुन्हा सुरू झाली, तेव्हा स्काय वाहिनीने गर्दी आणली ती फिफा या व्हिडिओ गेममधून. ज्यांना ती नको त्यांना बिनगर्दीचा सामना पाहायची सोयही ठेवली होती. त्याच वर्षी 19 सप्टेंबरला अबुधाबीत मुंबई आणि चेन्नईने आयपीएलची सुरुवात केली. खुर्च्या मोकळ्या होत्या आणि टीव्हीतून आरोळ्या येत होत्या, त्या आधीच्या हंगामांत मुद्रित केलेल्या.

कुणी ‘काय हा जमाना’ म्हणेल, तर त्याला 1938 सांगा. ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडमध्ये खेळत होता आणि सिडनीच्या रेडिओ स्टुडिओत समालोचक तारा वाचून ‘आँखों देखा हाल’ सांगत होते. चेंडू बॅटला लागला की लाकडावर पेन्सिल आपटायची, टाळ्यांसाठी ग्रामोफोनची तबकडी लावायची. सारा देश रात्र जागवून ऐकत होता. तेव्हा आपलं घराणं जुनं आहे, लाजायचं कारण नाही.

पाठ पहिला : गुणगुण. काहीच घडत नसतं तेव्हाही मैदान गप्प नसतं. शेंगदाणेवाला फिरत असतो, कुणी मागच्याला ‘बस की खाली’ म्हणत असतो, आणि या सगळ्याची मिळून एक गुणगुण होते. ती तंबोऱ्यासारखी अखंड चालू ठेवायची. नवशिके दोन मिनिटांचा तुकडा घेतात आणि फिरवत राहतात. त्या तुकड्यात हमखास एक शिट्टीवाला असतो. पहिल्या षटकात तो गोड वाटतो. दहाव्या षटकापर्यंत त्याने दर दोन मिनिटांनी, त्याच सुरात, त्याच हुरुपाने शिट्टी मारलेली असते आणि घरी बसलेल्या माणसाला कळत नाही आपल्याला चिडचिड का होते आहे. सामन्याआधी तो शिट्टीवाला शोधा आणि कापून टाका. जरा लांब तुकडा घ्या, तीन वेगवेगळे तुकडे एकमेकांत विरघळवा. सगळ्या कामात सर्वांत कंटाळवाणा भाग हाच आहे आणि निम्मी विद्या यातच आहे.

पाठ दुसरा : उशीर. गर्दी कुठे चढते ते पाहा. चौकाराला ती चेंडू दोरीला लागल्यावर ओरडत नाही, क्षेत्ररक्षक चुकला की ओरडते. षटकाराला बॅटच्या आवाजाबरोबरच उठते, चेंडू वर असेपर्यंत श्वास धरते आणि मग फुटते. चेंडू उंच उडाला आहे, सीमेवर एक जण मागे मागे सरकतो आहे, तुमचं बोट षटकाराच्या पट्टीवर शिवशिवतं आहे. थांबा. एकदा का तुम्ही पट्टी दाबलीत आणि त्याने झेल घेतला, की हजारो माणसं आपलाच फलंदाज बाद झाला म्हणून नाचताना ऐकू येतात. तिसऱ्या पंचाच्या वेळीही हेच. निर्णय पडद्यावर येऊ द्या. गर्दीला पंचाआधी निकाल कळला, तर लोक तुमच्यावर नाही, पंचावर संशय घेतील.

पाठ तिसरा : खरी माणसं. प्रेक्षक आले की काम सोपं होतं, असा गैरसमज आहे. सीमारेषेवर वाऱ्यासाठी केसाळ टोप्या घातलेले माइक असतात, शिवाय सगळं मैदान पकडायला उंचावर काही. ढोलवाल्यापासून दूर राहा, नाहीतर त्या गावात दुसरं कुणी राहतच नाही असं वाटेल. आणि तो शिट्टीवाला आठवतो ना? तो इथे सदेह येतो, नेमका माइकजवळ बसतो, आणि याला कापता येत नाही.

स्टंपजवळच्या माइकवर मात्र जीव लावा. स्टँडमध्ये सत्तर मीटरवर बसलेल्याला बॅट फिरलेली आधी दिसते आणि ‘टॉक’ नंतर येतो, सेकंदाचा सुमारे पाचवा भाग उशिरा. घरच्या प्रेक्षकाला तो चित्राबरोबरच मिळतो. तो टॉक कोरडा, स्वच्छ यायला हवा. बाकी त्या माइकमधून काय काय येतं, हे फेब्रुवारी 2024 मध्ये विशाखापट्टणमला सर्वांनी ऐकलं. बागेत फिरल्यासारखं क्षेत्ररक्षण करणाऱ्या पोरांना रोहित शर्माने अस्सल बोरिवलीच्या सुरात झापलं, आणि ते वाक्य सामन्यापेक्षा जास्त दिवस चाललं. फेडर खाली ओढायला उशीर झाला तरी कधीकधी असं पुण्य लागतं.

पाठ चौथा : व्हुवुझेला. 2010, दक्षिण आफ्रिका, फुटबॉलचा विश्वचषक, आणि प्रेक्षकांच्या तोंडी ही लांब प्लास्टिकची तुतारी. पेटीवर काळी पाच दाबा आणि नव्वद मिनिटं भाता मारत राहा, म्हणजे अंदाज येईल. 233 हर्ट्झच्या आसपासचा तो सूर आणि त्याच्या पटीतले सूर गाळण्या लावून काढता येतात. त्याबरोबर समालोचकाच्या आवाजाचाही थोडा गर जातो. काही समालोचकांच्या बाबतीत हे चालण्यासारखं आहे.

आता सचोटीबद्दल थोडं. ऑलिंपिकच्या नौकानयनात पाठलाग करणाऱ्या मोटरबोटी आणि वर हेलिकॉप्टर यांत वल्ह्याचा आवाज ऐकूच येत नाही. तिथले ध्वनिकार डेनिस बॅक्स्टर यांनी वल्ह्यांचा आवाज वेगळा मुद्रित करून प्रक्षेपणात मिसळला आणि ते उघडपणे सांगितलंही. मला यात पाप दिसत नाही, वल्हं पाण्यात पडतच होतं. पण खरी गर्दी हजर असताना ती थंड आहे म्हणून वरून डब्यातली गर्दी ओतायला सांगणारा निर्माता भेटला, तर हेडफोन खराब झाल्याचं सांगा.

शेवटचा पाठ : शांतता. ही कुठल्याच पट्टीत भरून मिळत नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये वानखेडेवर देवनारायणच्या चेंडूवर सॅमीने स्लिपमध्ये झेल घेतला आणि सचिन त्याच्या अखेरच्या कसोटीत 74 वर गेला. क्षणभर सगळं स्टेडियम गिळल्यासारखं झालं, मग टाळ्या. त्या क्षणात फेडरला हात लावणारा माणूस या धंद्याच्या कामाचा नाही.

अशा वेळी नवशिक्याला वाटतं, वायर निघाली. 19 नोव्हेंबर 2023, अहमदाबाद, विश्वचषकाची अंतिम लढत. स्टँडमध्ये नव्वद हजारांवर माणसं, आणि कमिन्सचा चेंडू विराटच्या बॅटला लागून स्टंपवर आला. वायर तपासू नका. हात मांडीवर ठेवा. फेडर पार वरपर्यंत नेलात तरी ऐकू येणार ते फक्त अकरा ऑस्ट्रेलियन.