करंगळीच्या भरवशावर

हात थरथरणं ही आमच्या घराण्याची वडिलोपार्जित इस्टेट आहे. आजोबा चहा घेऊन माजघरातून निघाले, की आधी कपबशीचा किणकिणाट ओसरीवर पोचायचा आणि मागून आजोबा. वडिलांची सही बँकेला दर खेपेस नवीन वाटते. जमीनजुमला काकांकडे गेला आणि हा वाटा बिनबोभाट माझ्या नावावर चढला. त्यात मी ठरवलं नेत्रतज्ज्ञ व्हायचं. ‘अरे, त्यापेक्षा कातडीचा डॉक्टर हो. मलम तर लावायचं असतं,’ असं मामा म्हणाले. (त्वचारोगतज्ज्ञांनी मनावर घेऊ नये. मामा पोस्टात होते.)

सल्ल्यांना तोटा नव्हता. आईने भिजवलेले बदाम सुरू केले. काकूने चहा सोडायला लावला. कॅफिनने थरथर वाढते हे खरं असल्यामुळे सोडलाही. हात जरा निवला, पण डोकं असं भडकायला लागलं की त्या संतापाने हात पुन्हा थरथरू लागला. मेडिसिनच्या मित्राने प्रोप्रॅनोलॉलची गोळी सुचवली. तिचा गुण एवढा, की 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती अंगात सापडली म्हणून उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन्ही पदकं काढून घेतली. सर्जनला पदकं देण्याची पद्धत नसल्याने आम्हाला तसली बंदी नाही, काही जण घेतातही. पण मला लहानपणापासून दमा, आणि दमेकऱ्याला ही गोळी चालत नाही. म्हणजे वारसाहक्काने आलेलं एक दुखणं दुसऱ्याच्या औषधाच्या आड उभं!

शेवटी न्यूरॉलॉजीच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी मला हात पुढे ताठ धरायला सांगितला आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागदाची कड फडफडायला लागली. मी खजील. मग त्यांनी तोच कागद स्वतःच्या बोटांवर ठेवला. तिथेही फडफड! प्रत्येक जिवंत माणसाचा हात सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा थरथरतो, नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही, इतकंच. ‘तुझा थोडा जास्त आहे. चहा पी,’ म्हणाल्या.

अडचण ही, की आमचा धंदाच मायक्रोस्कोपखालचा. बाहेर ज्याला कुणी विचारत नाही ती थरथर तिथे पडदाभर दिसते, आणि हा पडदा शब्दशः भिंतीवर लावलेला असतो. समोर इंटर्नपासून सिस्टरपर्यंत सगळे बघत बसलेले. मोतीबिंदूच्या मागचा पडदा जेमतेम 4 मायक्रॉन जाडीचा, आपला केस 70च्या आसपास. तो पडदा शाबूत ठेवून पुढचा सगळा कचरा काढायचा. अशा वेळी सर मागे येऊन उभे राहतात. मला वाटलं, आता हातावरून बोलणार. ते म्हणाले, ‘अरे, श्वास घे. पेशंट घेतोय, तू कशाला थांबवलायस?’

सराव केला बकऱ्याच्या डोळ्यांवर. मटणवाल्याने पहिल्यांदा विचारलं, ‘डोळ्यांचं काय करता?’ म्हटलं, ‘ऑपरेशन.’ तो म्हणाला, ‘आता काय उपेग?’ पण माणूस दिलदार. नंतर तो डोळे बाजूला काढून ठेवायचा आणि गिऱ्हाइकांना माझी ओळख करून द्यायचा, ‘हे डोळ्याचे डॉक्टर, हात बसवायला येतात.’ त्या दुकानाचं एकही गिऱ्हाईक पुढे माझ्याकडे पेशंट म्हणून आलं नाही.

हात बसतो म्हणजे थरथर जाते असं नाही, तिला टेकू मिळतो. कोपर अंगालगत, मनगट टेकलेलं, करंगळी पेशंटच्या कपाळावर, आणि हत्यार इतकं अलगद धरलेलं की बोटांची नखं पांढरी होता कामा नयेत. घट्ट धरलं की थरथर वाढलीच. सगळा डोलारा त्या करंगळीवर. जिला आपण आयुष्यभर लघवीची परवानगी मागण्यापलीकडे काही काम दिलं नाही, तिच्यावर!

पण करंगळी चुगलखोरही आहे. हल्ली बरीच ऑपरेशनं नुसते थेंब घालून होतात, पेशंट टक्क जागा असतो. एका आजीच्या कपाळावर मी करंगळी टेकवली. हिरव्या कापडाखालून आवाज आला, ‘लेकरा, थंडी वाजतीया व्हय रं?’ मी गप्प. मग सिस्टरला हुकूम, ‘बाई, ते गार वारं बंद कर की. पोरगं काकडलंय.’ सिस्टरने खरोखरच एसी कमी केला. माझी थरथर तशीच राहिली, वर घाम फुटला. ऑपरेशन झालं झकास. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर आजींनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘एवढासाच हाय व्हय डाक्टर!’

आता मला या विषयाचा न्यूनगंड राहिलेला नाही, त्याचं श्रेय चार्ल्स केल्मन नावाच्या अमेरिकन डॉक्टरला. दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेला असताना, दात साफ करणारं यंत्र बघून त्याला मोतीबिंदूसाठी तसलंच काही करायचं सुचलं, आणि 1967 साली फेको नावाचं यंत्र आलं. त्या फेकोचं टोक सेकंदाला 40,000च्या घरात थरथरतं. त्याच थरथरीने मोतीबिंदूचा भुगा होतो. तेवढ्यासाठी दवाखाने लाखो रुपये मोजतात, आणि माझा हात सेकंदाला दहा वेळा फुकट थरथरतो तर लगेच मामांना कातडीचा विभाग आठवतो.

तेव्हा वाचकहो, मोतीबिंदू काढायला जाल तेव्हा डॉक्टरच्या हाताकडे बघत बसू नका. चहाचा कप हातात असताना तर मुळीच नको. तुम्ही फक्त डोकं हलवू नका, खोकला येतोय असं वाटलं तर आधी तोंडाने सांगा, आणि कपाळावर कुणाची करंगळी टेकली तर एसीबद्दल काही बोलू नका.