ट्रॅफिकचं कारण

माझा सख्खा मामा खराडीला राहतो आणि मी कोथरूडला, त्यामुळे आमचे संबंध फार चांगले आहेत. दिवाळीत एकदा भेटतो, पोटभर जेवतो, भांडायला वेळच मिळत नाही. उलट समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ, ज्यांच्याशी माझं एकाही विषयावर पटत नाही, ते हल्ली माझे जिवलग मित्र आहेत. त्यांच्याकडे जायला गाडी काढावी लागत नाही, एवढ्या एका गुणावर!

मध्यंतरी भाचीला स्थळ सांगून आलं होतं. मुलगा आयटीत, स्वभावाने गरीब, फ्लॅटचं कर्ज फिटत आलेलं. घर वाघोलीला म्हटल्यावर बहिणीने फोन पालथा ठेवला. म्हणाली, "त्यापेक्षा अमेरिकेतला बघा. दोन वर्षांतून एकदा रजा काढून येईल तरी."

पूर्वी पुण्याला सायकलींचं शहर म्हणत. आता पुणेकर कोथिंबिरीची जुडी आणायलाही स्कूटरला किक मारतो आणि मग भाजीवाल्यापासून लांब, जिथे जागा मिळेल तिथे ती लावून तेवढंच अंतर चालत परत येतो. जागा मिळाली तरी ती आजची आहे का, हे बघावं लागतं. रस्त्याच्या एका बाजूला पी-१ आणि दुसऱ्या बाजूला पी-२ अशा पाट्या असतात. सम तारखेला एक बाजू, विषमला दुसरी. आमच्या घरात एकादशी कुणाच्या लक्षात राहत नाही, पण आज सम की विषम हे झोपेतही सांगता येतं. पंचांगात तिथीची वृद्धी होते ना, तशी इथेही होते. ३१ तारीख विषम आणि दुसऱ्या दिवशीची १ तारीखही विषम. सलग दोन दिवस गाडी एकाच बाजूला! हा योग वर्षातून सात वेळा येतो. लीप वर्षात २९ फेब्रुवारी धरून आठ. मी एकदा हे हिशेबासकट टोइंगवाल्याला समजावून सांगत होतो. तो शांतपणे ऐकत होता, आणि त्याची माणसं तेवढ्यात गाडी उचलत होती.

पावसाळ्याचं शास्त्र आणखी वेगळं. खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो. त्यामुळे इथली गृहिणी "अहो, विसर्ग किती क्युसेक झालाय?" असं विचारते, तेव्हा तिला धरणाची काळजी नसते. डेक्कनहून नारायण पेठेत ब्लाउज शिवायला टाकायला जायचं की नाही, एवढंच ठरवायचं असतं.

बरं, आम्ही पूल बांधत नाही असं नाही. बांधतोही आणि पाडतोही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० साली पाडला, तेव्हा बिचाऱ्याचं मतदानाचं वयही झालं नव्हतं. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकं लावून उडवला. टीव्हीवाले कॅमेरे लावून बसले होते, अख्खं पुणं जागं होतं. धडाका झाला, धूळ खाली बसली, आणि बघतात तो पुलाचा बराचसा भाग जागच्या जागी! शेवटी यंत्रं आणून तो उतरवावा लागला. पड म्हटल्यावर लगेच पडायला तो काय बाहेरगावचा होता?

पण ट्रॅफिकने आम्हाला काहीच दिलं नाही असं म्हटलं तर तो कृतघ्नपणा होईल. त्याने आम्हाला कारण दिलं. "निघालोय, नळ स्टॉपला अडकलोय," हे वाक्य मी घरी टॉवेल गुंडाळून, ओल्या अंगाने कितीदा तरी म्हटलंय. पलीकडचा माणूसही "सावकाश ये रे" म्हणतो, कारण तोही निघालेला नसतो. नको असलेली बारशी, लांबची साखरपुड्याची आमंत्रणं, साहेबांच्या मुलाचा गायनाचा कार्यक्रम हे सगळं या एका कारणावर निभावून नेलेलं आहे.

त्या कारणाच्या मुळावर उठली मेट्रो. मार्च २०२२ मध्ये वनाझहून गरवारे कॉलेजपर्यंत सुरू झाली, तोवर ठीक होतं. मार्च २०२४ मध्ये ती रामवाडीपर्यंत पोचली आणि दुसऱ्याच दिवशी विमाननगरच्या आत्याचा फोन. "काय रे, आता तर मेट्रो झाली. आता कसलं कारण सांगतोस बघू."

गेलो. पाऊण तासाच्या आत पोचलो आणि चिडचिड न झाल्यामुळे तोंडावर काय भाव आणावा हेच कळेना. आत्याने दार उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरलो. केस पार पांढरे झालेले, हातात काठी. फोनवर तिचा आवाज तसाच खणखणीत असायचा, त्यामुळे आमच्या मनात ती अजून साठीचीच होती. "अरे, ऐंशी पूर्ण झाली मला," ती म्हणाली आणि चकल्या पुढे केल्या. त्या मात्र तशाच होत्या.

आमचे बाबा तिचेच धाकटे भाऊ. ते गाडी चालवत नाहीत, म्हणजे पुण्यात ते अर्धे नजरकैदेतच आहेत. बसची पायरी गुडघ्याला झेपत नाही, आणि बस थांब्याच्या दोन गाड्या पुढे, रस्त्याच्या मधोमध थांबते. फुटपाथवर बाइक येतात. कर्वे रस्ता ओलांडताना ते हात वर करून उभे राहतात. तो हात बघून थांबतात फक्त रिक्षावाले, त्यांना गिऱ्हाईक वाटतं. "कुठे?" "पलीकडे." "पलीकडे नाही जाणार," म्हणून तेही निघून जातात. बालगंधर्वला नाटक लागलं की बाबा जाहिरात कापून ठेवतात. नाटक बघणं मात्र त्यांनी सोडून दिलंय. बहीण-भावाचीही मधली तीन-चार वर्षं फोनवरच गेली. आता मी त्यांना मेट्रोने घेऊन जातो. दोघं मिळून मला नावं ठेवतात.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी मतासाठी हात जोडून दारात आलं, तर कृपा करून आणखी एक उड्डाणपूल मागू नका. आपल्या थांब्यावर दर दहा मिनिटांनी बस मागा, तीही खालच्या पायरीची. आणि ती थांब्यावरच थांबेल, एवढं लेखी घ्या.