मागितलं किती, मिळालं किती

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला की आमच्या सोसायटीतला माणूस दोन फोन करतो. पहिला गॅरेजला, दुसरा काकांना. गॅरेजवाला उचलत नाही. काका पहिल्याच रिंगला उचलतात आणि तुमचं 'हॅलो' पुरं व्हायच्या आत विचारतात, "चढावर की सपाटीवर?"

हे काका मुलुंड पूर्वेला मिठागर रोडच्या आत राहतात, पण ते फक्त आमचेच आहेत असा माझा दावा नाही. बोरिवलीला माझ्या मेव्हण्याच्या बिल्डिंगमध्ये असेच एक आहेत, घाटकोपरला तर एकाच सोसायटीत दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. आमचे काका एलबीएस मार्गावरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. कारखाना गेला, तिथे टॉवर उभा राहिला, पण काकांच्या अंगातला मेंटेनन्स काही रिटायर झाला नाही. आधी त्यांनी सोसायटीचा पंप ताब्यात घेतला, मग लिफ्ट. लिफ्टवाल्या कंपनीने लेखी हरकत घेतल्यावर ते पार्किंगमध्ये उतरले, आणि तिथे त्यांना डिझेल गाड्या भेटल्या.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, काड्यापेटीएवढा स्कॅनर असतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्यात तो खोचायचा, ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा, की गाडी बोलायला लागते. ती काय बोलते ते बहुतेकांना तेवढ्यात कळतं: पी०२३४. म्हणजे ओव्हरबूस्ट. मालक लगेच म्हणतो, "म्हणजे टर्बो गेला!" इथे काकांचा आवाज चढतो.

"कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे! पोट दुखतंय असं पोरगं म्हणालं तर लगेच पोट कापतोस का?"

हे वाक्य आमच्या सोसायटीत लहान मुलांनाही पाठ आहे. त्यानंतर टर्बो समजावून सांगण्याचा कार्यक्रम होतो. तो टाळता येत नाही. सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूने एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं (हाच बूस्ट), आणि हे सगळं मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्यांनी. लाख म्हणताना काका थांबतात, तुमच्याकडे बघतात. तुम्ही "बापरे" म्हटलं नाही तर पुन्हा सांगतात. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली याचं पेटंट घेतलं, हेही येतं. काका त्यांना ब्यूखीसाहेब म्हणतात. मग व्हेरिएबल जॉमेट्री: चाकाभोवती बारीक पाती असतात, ती मिटली की वाट अरुंद होते आणि वायू जोरात आदळतो, जसं बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी लांब जातं. "अंगठा वेळेवर काढला नाही, की ओव्हरबूस्ट. गाडीच्या मेंदूला कळतं, हे काही बरोबर नाही. तो डिझेल तोडतो. यालाच लिंप मोड म्हणतात. गाडी बिघडली नाही, गाडीने स्वतःला आवरलं."

गेल्या मे महिन्यात सी विंगमधले सीए कुटुंबाला घेऊन पुण्याला मुंजीला निघाले. सातआसनी डिझेल, माणसं सात, आहेराच्या पिशव्या, एसी फुल. खोपोली सोडून घाट लागला आणि गाडीचा जीवच गेला. ॲक्सिलरेटर तळाला, वेग चाळीस, मागून ट्रकवाले हॉर्न देतायत. काकांना फोन गेला.

"फोन वहिनींकडे दे, चालवताना बोलू नकोस. वहिनी, त्याला सांगा, घाटात थांबायचं नाही. डावी लेन धरून हळूहळू वर या. खंडाळ्याला बाहेर पडा, मग बंद करा. थोडं थांबा आणि पुन्हा चालू करा."

तसं केलं. गाडी जशी काही झालंच नाही अशी पळायला लागली. मातृभोजन हुकलं, पण बटू सापडला. सीए परत आल्यावर गाडी गॅरेजला घेऊन गेले. तिथे पी०२३४ वाचून टर्बो बदलायचं एस्टिमेट मिळालं. आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे वाचणाऱ्या माणसाला तो आकडा दोनदा वाचावा लागला.

रविवारी सकाळी काका पार्किंगमध्ये हजर. तिथे काय झालं ते मी समोर उभा राहून पाहिलं, कारण टॉर्च धरायचं काम माझ्याकडे होतं. काकांच्या रविवारात कुणीतरी टॉर्च धरायची असतेच, आणि ती नेमकी कुठे धरायची हे धरणाऱ्याला कधीच कळत नाही. "तिथे नाही. तिथे. अरे, माझ्या हातावर काय मारतोस?"

पहिली पायरी: चावी चालू, इंजिन बंद. मोबाइलवर दाबाचा आकडा साधारण शंभर किलोपास्कल. काका खूश. "मुलुंड समुद्रसपाटीला. हवेचा दाब शंभराच्या आसपासच असणार. एकशे तीस दाखवला असता तर सेन्सर थापा मारतोय म्हणायचं. सेन्सर सुटला."

तेवढ्यात सीएंना इंजिनाशेजारी उंदराच्या लेंड्या दिसल्या. पार्किंगमधले उंदीर हा आमच्या दर सभेतला विषय. नळ्या नक्की त्यांनीच कुरतडल्या असणार, पेस्ट कंट्रोलवाल्याचं बिल अडवा, असं सुरू झालं. काकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"उंदराचा संबंध नाही. या गाडीत व्हॅक्यूमने दांडी खेचली जाते, दांडी खेचली की पाती मिटतात, बूस्ट वाढतो. उंदराने नळी फोडली तर व्हॅक्यूम गळेल, पाती उघडीच राहतील, बूस्ट कमी पडेल. म्हणजे कोड पी०२९९ यायला हवा. इथे जास्त झालाय. साधी वेस्टगेटवाली गाडी असती तर उंदराला धरला असता, तिथे टर्बोचा दाबच नळीतून जाऊन वेस्टगेट उघडतो, नळी फुटली की तो उघडतच नाही. तुझ्या गाडीत उंदीर निर्दोष."

एवढी निःपक्षपाती वागणूक आमच्या सोसायटीत अजून कुठल्या भाडेकरूला मिळालेली नाही.

मग खिशातून इंजेक्शनची मोठी सिरिंज निघाली. व्हॅक्यूमचा हातपंप विकत मिळतो, पण साठ मिलीलिटरच्या सिरिंजने काम भागत असताना पंप कशाला, हा काकांचा हिशेब. मेडिकलवाल्याने काळजीने विचारलं होतं, घरात कोण आजारी आहे? काका म्हणाले, "सी विंगची गाडी." सिरिंज टर्बोच्या डब्याला रबरी नळीने जोडली, दट्ट्या ओढला. दांडी सरसर आत गेली आणि तिथेच टिकली. सोडला, तशी परत आली, कुठे अडली नाही. काजळीने पाती चिकटली असती तर ती मध्येच दातखीळ बसल्यागत थांबली असती. "टर्बो सुटला," काका म्हणाले, आणि सीएंच्या कपाळावरचा घाम पहिल्यांदा पुसला गेला.

शेवटी ते सोलेनॉइडपाशी आले. बूस्ट पुरेसा झाला की हा बाहेरची हवा आत घेऊन व्हॅक्यूम सैल करतो. हवा जिथून येते तिथे स्पंजचा एक तुकडा असतो, नखाएवढा. तो मूळचा कुठल्या रंगाचा होता ते सांगणं अवघड होतं. मेट्रोचं काम, रस्त्याचं काम, टॉवरचं काम, एलबीएस मार्गाची सगळी प्रगती त्या तुकड्यात साठली होती. हवा आत शिरत नव्हती, व्हॅक्यूम सुटत नव्हता, पाती उघडत नव्हती. "आधी स्वस्तातली वस्तू बघायची," काका म्हणाले. हे शास्त्रही आहे आणि मुलुंडचा स्वभावही.

तो तुकडा साफ झाल्यावर टेस्ट ड्राइव्ह. भल्या पहाटे, ऐरोलीच्या पुलाकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल माफ झाला, तेव्हा सोसायटीत सगळ्यात जास्त आनंद काकांना झाला होता. त्यांच्या प्रयोगशाळेचं प्रवेशशुल्क रद्द झालं. काका डाव्या सीटवर, मांडीवर मोबाइल, मोबाइलवर दोन रेषा. एक, इंजिनाने किती बूस्ट मागितला. दुसरी, किती मिळाला. "थर्ड टाक. पंधराशेवर आण. आता पाय दाब. सोडू नकोस. सोडू नकोस म्हटलं ना!" दोन्ही रेषा हातात हात घालून वर गेल्या. "बघ! मागितलं तेवढं मिळालं. संसारात कुठे दिसतं का असं?"

काकूंना विचारलं तर त्या वेगळं सांगतील. "ह्यांना ताप आला तर हे आधी थर्मामीटर तपासतात. भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं की विचारतात, मीठ जास्त की पाणी कमी?" सुनेचा आवाज चढला की काका आत जाऊन मुलाला हळूच सांगतात, कोड वाचू नकोस, कारण शोध. हा सल्ला चांगला आहे, फक्त सून तो ऐकते तेव्हा आवाज आणखी चढतो.

काकांची स्वतःची गाडी? सीएनजी. दहा वर्षांत तिने एकदाही दिवा लावलेला नाही, आणि काकांना तिच्याबद्दल फारसा जिव्हाळा नाही. "चालते," असं ते सांगतात, जसं नापास न होणाऱ्या पण पहिल्याही न येणाऱ्या पुतण्याबद्दल सांगावं.

जीव अडकलाय तो डिझेलमध्ये, त्यातही फियाटच्या त्या १२४८ सीसी इंजिनात. स्विफ्टमध्ये तेच, डिझायरमध्ये तेच, व्हिस्टात आणि पुंतोतही तेच. लोक त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. डिझेलवर सरकारची सूट होती त्या काळात ज्याला त्याला डिझेलच हवी होती, मग तो रोज लोकलने फोर्टला जाऊन गाडी फक्त रविवारी दादरला काढणारा का असेना. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव मोकळे झाले, फरक आटत गेला, आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस सहा आल्यावर मारुतीने डिझेल बंदच केलं. उरल्या त्या गाड्या, आणि त्यांच्या पोटातली काजळी. "डिझेलला पळवावं लागतं रे. तुम्ही तिला पार्किंगमध्ये झोपवून ठेवता आणि मग म्हणता दम लागतो."

काकांचा खरा वैताग एवढाच की त्यांच्याकडून थोडक्यात उत्तर मिळत नाही. दुरुस्ती झाल्यावर ते जरा उतरतात, हेही मी पाहिलंय. सीएंची गाडी नीट पळायला लागल्यावर आठवडाभर ते रोज विचारत होते, "काही दिवा वगैरे?" नाही म्हटलं की "बरं" म्हणून पुढे जायचे, पण त्या 'बरं'मध्ये काही दम नसायचा.

यंदा सीएंनी ती गाडी विकायला काढली. नाशिकचं गिऱ्हाईक आलं. सौदा जवळजवळ ठरला होता, तेवढ्यात काका खाली उतरले, हातात शंभर पानी वही. त्यात गाडीचा तारीखवार इतिहास: खंडाळ्याचा प्रसंग, स्पंज, सिरिंज, ईजीआर व्हॉल्व्ह कधी साफ केला, कुठली नळी पुढच्या वर्षी दगा देईल. गिऱ्हाइकाने सगळं वाचलं आणि किंमत वीस हजारांनी खाली आणली. सीए तीन आठवडे काकांशी बोलत नव्हते. गिऱ्हाइकाने मात्र जाताना वही मागून घेतली, आणि काकांचा नंबर.

परवा रात्री साडेदहाला मी काकांकडे माझा स्क्रूड्रायव्हर मागायला गेलो होतो (तो अजून मिळालेला नाही). त्यांचा फोन वाजला. पलीकडे कसारा घाट, मागे ट्रकचे हॉर्न. काकूंनी टीव्हीचा आवाज न सांगता कमी केला. काका खुर्चीत सरळ झाले, चष्मा चढवला, मला खुणेने टेबलावरची टॉर्च उचलायला सांगितली. फोनवरच्या गाडीसाठी टॉर्च कशाला, हे मी विचारलं नाही, उचलली.

"हां, बोला नाशिककर. चढावर की सपाटीवर?"