नवशिक्यांसाठी शांत पाणी : एक जुजबी मार्गदर्शिका

कयाक शिकू पाहणाऱ्याने आधी कयाक सोडून बाकीचं सगळं विकत घ्यावं, अशी रीत आहे. पाणी न शिरणारी पिशवी, पाणी न शिरणारं घड्याळ, भिजली तरी पाच मिनिटांत वाळणारी विजार आणि आपण हे सगळं वापरून वापरून थकलो आहोत असा चेहरा करून देणारा गॉगल. एवढं जमलं की मोबाइलवर जवळपासचं शांत पाणी शोधायला बसावं. नकाशावर सगळंच पाणी निळं आणि गुळगुळीत असतं. तिथे पुराच्या दिवसांतली वाशिष्ठीसुद्धा गुळगुळीत दिसते. म्हणून नकाशा मिटवून पुढचं वाचावं.

पुणेकरांनी सुरुवात घराजवळून करावी. खडकवासल्याचं पाणी शहर पितं, त्यामुळे तिथे वल्हं घेऊन उतरायचं म्हटलं की परवानगीचा प्रश्न निघतो. आणि आपल्याकडे परवानगीचा प्रश्न निघाला की उत्तर येईपर्यंत माणसाची हौस फिटते. शहरातली नदी मात्र विलक्षण शांत. जलपर्णी चढली की नदी कुठे संपते आणि काठ कुठे सुरू होतो, हे काठावरच्या कुत्र्यांनाही कळत नाही. वल्हं घातलं तर भाजी ढवळल्याचं समाधान मिळतं. तरीही याच शहरात सीओईपीच्या बोट क्लबची मुलं वर्षानुवर्षं रेगाटा भरवतात आणि त्यात कयाकही पळवतात. तेव्हा पाणी वाईट आहे ही सबब फार दिवस चालणार नाही.

पवनेसारखं धरण नवशिक्याला चांगलं, पण सकाळी. दुपारी धरणावर वारा सुटतो, शनिवारी रात्री काठावरच्या तंबूंतून गाणी सुटतात. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेलं असतं. गाडी लावली तिथून ते दिसतं, पण वीस-पंचवीस किलोची कयाक डोक्यावर घेऊन ढेकळांतून निघालं म्हणजे दिसण्यात आणि पोहोचण्यात किती अंतर असतं ते कळतं. शिवाय धरणाचा तळ म्हणजे कधीकाळची गावं, बांध, झाडं. दोन पावलांवर गुडघाभर असलेलं पाणी तिसऱ्या पावलाला डोक्यावरून जाऊ शकतं.

कोलाडची कुंडलिका एखाद्या शांत वेळी पाहून भुलू नये. मुळशीचं पाणी मोठ्या नळांतून सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं, तिथली चाकं फिरवतं आणि मग नदीत पडतं. सकाळी ते सुटलं की राफ्टिंगवाल्यांचा धंदा सुरू होतो. म्हणजे ही नदी पावसाबरोबरच विजेच्या वेळापत्रकावरही वाहते. ज्याला आपल्या सोसायटीच्या पाण्याची वेळ लक्षात राहत नाही, त्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

काही पाणी जरा जास्तच शांत असतं. सांगलीकडची कृष्णा, चिपळूणची वाशिष्ठी, गोव्यातला कुंभारजुव्याचा कालवा इथे मगरी ऊन खात पडलेल्या असतात. काही ठिकाणी त्या पाहायला लोक पैसे देऊन बोटीत बसतात. गोव्यातल्या काही गावांत तर पौषातल्या अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. त्यांचं तिच्याशी काही ठरलेलं आहे. तुमचं नाही.

आता खाडीकडे येऊ, कारण नवशिक्याचं खरं पाणी ते आहे. देवबाग-तारकर्लीची कर्ली, गोव्यात चोडण बेटाभोवतालची कांदळवनं, दक्षिणेकडची साळ नदी. लाटा नाहीत, दोन्ही काठ दिसतात, वर खंड्या बसलेला. मात्र इथे 'कुठे' या प्रश्नाला फारशी किंमत नाही. 'कधी' हे विचारावं. सकाळी सातला आरशासारखी असलेली खाडी दहाला तुम्हाला मुखाकडे ओढत नेत असते, आणि जागा तीच असते.

यासाठी कोणतंही ॲप लागत नाही, भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. तिथीचा पाऊणपट करावा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. मुंबईच्या आसपास हे गणित बऱ्यापैकी जुळतं. दूर गेलात तर त्या बंदराचा तक्ता पाहावा. अमावास्या-पौर्णिमेचं ते उधाण. तेव्हा पाणी चढतंही फार आणि उतरतंही फार, म्हणजे मधल्या वेळात धावतंही फार. अष्टमीच्या आसपास आणि पुढचे एक-दोन दिवस भांग असतो. तेव्हा पाण्याची ये-जा सगळ्यात कमी. योग असा, की अष्टमीची एक भरती सकाळी सहालाच येते, आणि त्या वेळी समुद्रावरचा खारा वारा अजून उठलेला नसतो. नवशिक्याला याहून चांगला मुहूर्त काढून द्यायला गुरुजींनाही जमणार नाही. अडचण एकच, सहाला पोहोचायचं तर चारला उठावं लागतं, आणि बरेच जण याच पायरीवर हा छंद सोडतात.

जे सोडत नाहीत ते नऊला पोहोचतात. भरती उलटल्याला तीन तास झालेले असतात. ओहोटीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तासात सगळ्यात जास्त पाणी निघून जातं, आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही 'किती सहज चाललीय बघ' म्हणत फोटो काढत असता. सहज चाललीय, कारण खाडी चालवतेय. परत फिरल्यावर तुम्ही वल्हं मारता आणि काठावरचं तेच माडाचं झाड बराच वेळ तुमच्या शेजारी उभं राहतं. मग हुशारी करून कडेने जावं म्हणता, तो कयाक टेकते. पाय खाली घातला तर मांडीपर्यंत चिखल, आणि चिखलात नसेल तिथे दगडाला चिकटलेली कालवं, ज्यांची धार कोणत्याही सुरीला लाजवेल. सुकतीला तिसऱ्या काढायला आलेल्या बायका तुमच्याकडे बघून आपसात काहीतरी बोलतात. ते ऐकू न आलेलंच बरं. पुढची भरती येईपर्यंत पाणी न शिरणाऱ्या घड्याळात वेळ पाहत बसावं. त्याचा उपयोग इथे होतो.

हे टाळायचं तर भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघावं, खाडीच्या वरच्या अंगाला जावं आणि पाणी थांबलं की वळावं. येताना उतरतं पाणी हलकेच मदत करतं. वारा असेल तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जावं, दमल्यावर त्याला पाठीशी घेऊन यावं. देवबागला संगमाकडे मुळीच वळू नये. तिथे नदी आणि समुद्र एकमेकांशी बोलत असतात, मध्ये तोंड घालू नये. त्सुनामी बेटाच्या बाजूला जेट स्की आणि बनाना बोटी फिरतात; त्यांच्या लाटांवर हेलपाटत शिकणं म्हणजे शिकणं नव्हे.

सगळ्यात महत्त्वाची पायरी : जेटीवर जाळं विणत बसलेल्या माणसाला विचारावं. 'वॉटर कंडिशन' विचारू नये. "काका, आज जाऊ का?" एवढंच. उत्तरं समजून घ्यावी लागतात. "जावा की" म्हणजे जा. "बगा तुमी" म्हणजे जाऊ नका. "वारो आसा" म्हणजे काकांची स्वतःची होडी आज वाळूवर आहे, ती का आहे याचा विचार करा. आणि काका काहीच न बोलता आधी तुमच्या कयाककडे, मग तुमच्या गॉगलकडे बघत राहिले, तर गावात चहा चांगला मिळतो. त्यांच्या होडीला तोल सांभाळायला बाजूला उलांडी असते. तुमच्या कयाकला तोल फक्त तुमचा आहे.

उलटलात तर कयाक सोडू नका. ती तुमच्यापेक्षा चांगली तरंगते आणि दुसऱ्या होडीवाल्याला लांबून दिसते. पोहून काठ गाठायचा मोह होईल. काठ दिसतो त्याहून लांब असतो. उलटल्यावर पुन्हा चढायचा सराव कमरेएवढ्या पाण्यात, कोणी ओळखीचं बघत नसताना करून घ्यावा.

ऋतूचं प्रकरण छोटं आहे. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. पुढे नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पाण्यात उतरतात. ज्यांच्या पिढ्या याच पाण्यावर गेल्या ते लोक या दिवसांत होड्या झाकून बसतात, तेव्हा आपणही कयाक माळ्यावरच ठेवावी. नदी-धरणांचंही तेच. ऑक्टोबर संपता संपता या, तोवर गढूळ पाणीही निवळतं.

आणि लाइफ जॅकेट पाठीमागे टेकायला दिलेलं नाही. ते अंगात घाला, पट्टे आवळा, आणि मगच जेटी सोडा.