राव सार आणि बटाची भिंत

चेन्नईच्या रायफल क्लबात बंदुका सांभाळायला आर्मरर असतो, पैसे सांभाळायला खजिनदार असतो आणि भिंत सांभाळायला राव सार असतात. पहिल्या दोघांचा उल्लेख क्लबाच्या घटनेत सापडतो. राव सारांचा सापडत नाही. त्यांना पद नसते, खुर्ची असते; ती बैठकीच्या खोलीत खिडकीपाशी, बट नीट दिसेल अशा कोनात मांडलेली असते आणि तिच्यावर दुसरे कोणी बसत नाही. वय सत्तरीच्या पुढे. एका खिशात मोजपट्टी, दुसऱ्यात सुतळीला बांधलेला पितळी ओळंबा. नेमबाजी त्यांनी चाळिशीतच सोडलेली असते, सभासदत्व मात्र तहहयात असते.

राव सार बहुधा तंजावरकडचे. व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ कावेरीकाठी स्थिरावलेल्या आणि पुढे सरकारी नोकऱ्यांमागे मद्रासला आलेल्या मराठी घराण्यांतले. वाटेत आडनाव गळाले, ‘राव’ तेवढे उरले. ‘सार’ हे शहराने दिले. कुंभकोणमला जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण होते. राव सारांचे त्यांच्याशी नाते असतेच. ते आईकडून की वडिलांकडून, हे सांगण्याच्या दिवसावर अवलंबून असते. शिक्षण गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. ही संस्था १७९४ साली मोजणीची शाळा म्हणून सुरू झाली, आणि राव सार ते अशा सुरात सांगतात की पहिल्या तुकडीच्या हजेरीपटावर त्यांचे नाव असावे. नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात, चेपॉकला. क्लबात ते इंग्रजी बोलतात, ठेकेदाराशी तमिळ. मराठी फक्त घरी आणि ओळंब्याशी.

त्यांचा जीव ज्या भिंतीत अडकलेला असतो ती सभासदांना सहसा दिसतही नाही. निशाणांमागे वाळू-मातीचा जो उंच ढीग असतो तो बट. पन्नास मीटरच्या रायफल प्रकारात निशाणावरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. नवशिक्याच्या गोळीला ते वर्तुळ सोडून सगळे जग मोकळे असते, आणि त्या जगाची हद्द म्हणजे बट. वाळू मात्र उभी राहायला तयार नसते. तीस-चौतीस अंशांच्या उतारावर ती निवांत पसरते. तीन मीटर उंचीचा ढीग मोकळा सोडला तर दर अंगाला साडेचार मीटर जागा खातो. शहरातल्या क्लबाला मागच्या बाजूला तेवढी जागा कुठली? तिकडे शेजाऱ्याचे कंपाउंड असते. म्हणून बटाची पाठ भिंतीने थोपवायची आणि पोट वाळूचेच ठेवायचे. पोटाकडून दगड किंवा काँक्रीट उघडे पडले तर गोळी त्यावर फुटते आणि तिचे तुकडे मारणाऱ्याकडे परत येतात.

या भिंतीवर किती रेटा येतो हे राव सार कोणाच्याही लग्नपत्रिकेच्या पाठीवर मांडून दाखवतात. त्यांचे आधारस्तंभ दोन. कुलोंब हा फ्रेंच लष्करी अभियंता मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात कित्येक वर्षे घालवून परतला आणि १७७३ साली त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे मातीच्या रेट्याचे गणित मांडले. रँकिनने १८५७ मध्ये ते अधिक सुटसुटीत केले. राव सार दोघांचाही उल्लेख खात्यातले जुने वरिष्ठ असल्यासारखा करतात. रँकिन जरा कडक, कुलोंब समजूतदार. गणिताचा सारांश असा: उंची दुप्पट झाली की रेटा चौपट होतो. तीन मीटर उंच भिंतीवर कोरडी वाळू दर मीटर लांबीमागे सुमारे पावणेतीन टनांनी रेलते. तीच वाळू वरपर्यंत पाण्याने भरली की आकडा सहा टनांवर जातो. वाळूच्या कणांचे निदान एकमेकांत घर्षण असते, त्यामुळे ती आपला बराचसा भार आपणच पेलते. पाण्याला असली लाजलज्जा नसते. ते पूर्ण वजनाने ढकलते.

पाणी बाहेर पडावे म्हणून भिंतीला ओळीने भोके ठेवलेली असतात. आणि या भोकांपाशीच राव सारांची शोकांतिका सुरू होते, निदान त्यांच्या मते. दरवर्षी स्पर्धेआधी क्लब रंगवला जातो. भोकांतून मातकट ओघळ आलेले असतात, रंगारी मनापासून काम करणारा असतो, त्यामुळे तो आधी भोके सिमेंटने लिंपतो आणि मग वरून दोन हात देतो. प्रमुख पाहुणे भिंतीचे कौतुक करतात. दुसऱ्या दिवशी राव सार लोखंडी सळई घेऊन एकेक भोक पुन्हा मोकळे करतात. सचिवांच्या दप्तरी याची नोंद ‘क्लबाच्या मालमत्तेचे नुकसान’ अशी असते.

भेगांवर त्यांचे लक्ष याहून बारीक. ज्या भेगेचा संशय येतो तिच्यावर ते काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवतात आणि बाजूला तारीख लिहितात. भेग वाढत असेल तर काच तडकते. साधी, स्वस्त आणि खात्रीची युक्ती, फक्त भिंतीला पट्ट्या बांधल्यासारखे दिसते आणि नवे सभासद तिच्यापासून लांबून चालतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये चेन्नईत हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, आणि डिसेंबर लागताच शहर बुडाले. जुन्या भिंतींची पोटे त्या पावसात सुटली. राव सारांची कालगणना तिथून सुरू होते. कोणाच्या नातवाचा जन्म फुगवट्याआधीचा की नंतरचा, हे ते चटकन सांगतात.

कार्यकारिणीच्या बैठकीत ‘भिंत’ हा विषय शेवटून दुसरा असतो, ‘ऐन वेळचे विषय’ याच्या अगोदरचा. एकाचे मत गिलावा करावा. दुसऱ्याचे मत भिंतीपुढे आणखी एक भिंत बांधावी. तिसऱ्याच्या भाचीला भित्तिचित्रे येतात. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. मावळंकरांनी बंदूकवाल्यांनाही सांभाळले आणि खासदारांनाही, इथे नऊ जणांची बैठक सांभाळली जात नाही, हे राव सारांचे ठरलेले वाक्य आहे. त्यानंतर कॉफी येते.

भिंत बदलायचे ठरते ते अखेर खजिनदारामुळे. बटात वर्षानुवर्षांचे शिसे रुतलेले असते. पॉइंट टू-टूची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, म्हणजे दहा हजार गोळ्यांमागे २६ किलो. क्लबाच्या वयाने गुणले की खजिनदाराच्या चेहऱ्यावर प्रथमच भिंतीविषयी माया दिसते. राव सार ती लगेच पुसतात. शिशाचे भंगार नाक्यावरच्या भंगारवाल्याला देता येत नाही, त्यावर प्रक्रिया करण्याची अधिकृत परवानगी असलेल्यालाच द्यावे लागते. शिशाची धूळ अंगात जाऊ नये म्हणून वाळू ओली ठेवून उपसावी लागते, मजुरांना मुखपट्ट्या द्याव्या लागतात. खजिनदार वजनकाटा घेऊन येतो तो येतोच.

मग वेळेचा प्रश्न. चेन्नईच्या वर्षभराच्या सुमारे चौदाशे मिलिमीटर पावसातला निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. भिंत फेब्रुवारीत उकलावी आणि उन्हाळ्यात उभी करावी हे शहाणपण राव सार दर जानेवारीत लेखी देतात. कार्यकारिणी त्याला सप्टेंबरात मंजुरी देते. तेव्हा राव सारच काम थांबवतात, कारण उघडा बट आणि ईशान्येचा पाऊस यांची गाठ घालणे त्यांना मान्य नसते. सभासदांत बोलबाला होतो की म्हाताराच काम होऊ देत नाही. यात थोडे तथ्यही आहे. वीस मीटरच्या भिंतीसाठी चार ठिकाणी जमीन खणून मातीचे नमुने मागवणारा आणि प्रत्येक अंदाजपत्रकातली बेरीज तपासून परत पाठवणारा माणूस निव्वळ हवामानाचा बळी म्हणता येणार नाही. भिंत पडावी असे त्यांना वाटत नाही, आणि ती आपल्याशिवाय उभी राहावी असेही नाही.

अखेर एका फेब्रुवारीत काम निघते. रेंज बंद होते. बट वरून खाली, थोड्या थोड्या लांबीत उपसला जातो. पायथ्यापासून खणायला निघालेल्या मुकादमाला राव सार असे तमिळ ऐकवतात की तंजावरचे पूर्वजही दचकावेत. नवी भिंत सळ्या घातलेल्या काँक्रीटची, उलट्या ‘टी’च्या आकाराची. तिचा तळ मागे मातीखाली लांब पसरलेला असतो, म्हणजे जी माती भिंतीला ढकलते तिचेच वजन तळावर बसून भिंतीला धरून ठेवते. ही योजना समजावताना राव सारांचा आवाज किंचित भरून येतो. समुद्रकाठच्या हवेत सळ्या लवकर गंजतात, म्हणून त्यांच्यावर काँक्रीटचे ४५ मिलिमीटर आवरण हवे. ठेकेदार ‘सेरि सार’ म्हणतो आणि पंचवीस ठेवतो. भिंतीमागे पाणी निचरायला स्वच्छ खडी हवी. ठेकेदार पुन्हा ‘सेरि सार’ म्हणतो आणि जुन्या भिंतीचा राडारोडा ओततो. म्हणून राव सार प्लॅस्टिकची खुर्ची चरापाशी ठेवून छत्रीखाली दिवसभर बसतात. काँक्रीटला अठ्ठावीस दिवस द्यायचे असतात, त्यांतले सत्तावीस ते तिथेच असतात. उरलेला एक लग्नाचा, आणि तिथूनही ते गणितासाठी पत्रिका घेऊन येतात.

कोनशिलेवर काय लिहायचे यावर एक जादा बैठक होते. सरफोजीराजांनी १८०३ साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा अख्खा इतिहास मराठीत कोरवून घेतला, हा दाखला राव सार देतात. कार्यकारिणीला तो त्यांच्या नावासाठी दिलेला वाटतो. त्यांना प्रत्यक्षात ‘भोके लिंपू नयेत’ एवढेच कोरून हवे असते. ठराव फेटाळला जातो. शिलेवर अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि प्रमुख पाहुणे येतात.

उद्घाटनानंतर आठवड्याभरातच तक्रारवहीत नोंद पडते की नवी भिंत आत्ताच मातीकडे कलली आहे. ती खरोखरच तशी असते. मातीचा भार आला की भिंत किंचित पुढे झुकते, आणि अगदी ओळंब्यात उभी भिंतही खालून पाहणाऱ्याला अंगावर येतेशी वाटते, म्हणून तिचा दर्शनी भाग पन्नासास एक या प्रमाणात मागे घेतलेला असतो. राव सार नोंदीखाली बारीक अक्षरात उत्तर लिहितात: ‘कलली नाही, कलवली आहे.’ त्याखाली तारीख, सही आणि रँकिनचे सूत्र.