चप्पल टाकलीय

आबांनी ‘‘चप्पल टाकलीय’’ असं जाहीर केलं, तेव्हा काकू आतून म्हणाल्या, ‘‘बरं केलंत. सहा वर्षं सांगतेय, टाका म्हणून.’’

‘‘अगं, जुनी नव्हे. नवी टाकलीय.’’

‘‘नवी? घालायच्या आधीच?’’

काकूंचा हा गोंधळ खोटा. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांना हे क्रियापद पाठ झालेलं आहे. बाकीचं जग वस्तू घेतं, आबा टाकतात. म्हणजे ऑर्डर टाकतात. त्यांनी सदरा टाकलेला असतो, गादी टाकलेली असते, एकदा तर लोणच्याची बरणी टाकली होती. यांतली एकही वस्तू त्या घडीला घरात नसते. ती कुठल्या तरी बोळात, कुणाच्या तरी हाताखाली, ‘होत आलेली’ असते.

आबांसारखा गृहस्थ कोल्हापूरच्या पेठापेठांतून एक तरी सापडतो. त्याला दुकानं नसतात, माणसं असतात. ‘‘सदऱ्याला आपला माणूस आहे.’’ ‘‘गुळाला आपला माणूस आहे.’’ आबांचा घनसाळ तांदूळ आजऱ्याहून येतो, तोही माणसाकडून. त्या माणसानं एका साली भात लावलंच नाही, तेव्हा आबांनी वर्षभर ‘तात्पुरता’ तांदूळ खाल्ला. ज्या वस्तूमागं आपला माणूस नाही, ती त्यांच्या लेखी तात्पुरती. पायातली चप्पल गेली सहा वर्षं तात्पुरतीच होती.

रेडिमेडवर त्यांचा विशेष राग. ‘‘कुणाच्याही पायाला बसावी म्हणून केलेली चप्पल माझ्याच पायाला कशी बसेल?’’ असं ते विचारतात. त्यात त्यांचा उजवा पाय आठ नंबरचा आणि डावा साडेआठचा. हा अर्ध्या नंबराचा फरक त्यांनी वतनासारखा सांभाळलाय. चपलेच्या दुकानात पोरगा ‘आठ देऊ का साडेआठ’ म्हणाला, की आबा समाधानानं उठतात आणि न घेता बाहेर येतात.

गंमत म्हणजे हेच आबा साखर कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते. भोंगा होऊन दहा मिनिटं झाली की अर्धी हजेरी गेलीच. कुणी गयावया केली तर म्हणायचे, ‘‘घड्याळ माझ्या घरचं नाही, कारखान्याचं आहे.’’ निवृत्तीच्या दिवशी त्यांना कारखान्यानं भिंतीवरचं घड्याळच भेट दिलं. ते घरचं झालं आणि आबा पार बदलले. कारागिराला लागणारा वेळ हा त्यांना उशीर वाटेना. काम चाललंय, एवढंच वाटायला लागलं.

तर चप्पल. ३० एप्रिल २०२५, बुधवार, अक्षय तृतीया. मुहूर्त आबांचा. साक्षीदार म्हणून मी. सुभाषनगरात एका खोलीत मामांचं काम चालतं. मामा म्हणजे चपलेचा माणूस. त्यांनी त्या दिवशीचा पेपर जमिनीवर पसरला आणि म्हणाले, ‘‘हुबं ऱ्हावा.’’

अक्षय तृतीयेचा पेपर म्हणजे सगळ्या सोन्याच्या जाहिराती. आबांचा उजवा पाय एका ठसठशीत मंगळसूत्रावर पडला आणि डावा ‘मजुरीवर भरघोस सूट’ या अक्षरांवर.

‘‘मामा, वाचलंत का?’’ आबा म्हणाले.

‘‘वाचलं. आमच्यात सूट न्हाई.’’

मामांनी पेन्सिल उभी धरून पायाभोवती फिरवायला घेतली. पेन्सिल तिरकी झाली की माप आत जातं, हे आबांनी मला डोळ्यांनी दाखवलं. मग त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि रोखून धरला.

‘‘सोडा, आबा, श्वास सोडा. पायाचं माप घेतोय, पोटाचं न्हाई.’’

घाट कापशीचा ठरला. कान जरा रुंद, वेणी बारीक, गोंडा लहान. ‘‘आणि आत विंचू घाला,’’ असं आबा म्हणाले तेव्हा मी दचकलो. हा विंचू म्हणजे तळाच्या दोन थरांमध्ये दडवायचं बी. त्याच्यामुळं चालताना चप्पल कर्रकर्र वाजते. माणूस दिसायच्या आधी त्याचं वजन ऐकू यावं, अशी ही जुनी सोय. हजार रुपये इसार दिला. निघताना मी विचारलं, ‘‘मिळेल कधी?’’

‘‘या की बुधवारी.’’

कुठल्या बुधवारी, हे मामांनी सांगितलं नाही आणि आबांनी विचारलं नाही. बाहेर आल्यावर मला मात्र म्हणाले, ‘‘असं विचारायचं नसतं. माणूस दुखावतो.’’

त्यानंतर दर शनिवारी पाच वाजता आबांची मामांकडं फेरी सुरू झाली. टाकलेल्या वस्तूची वाढत्या पोरासारखी विचारपूस करावी लागते म्हणे. पहिले तीन शनिवार विचारपुशीसारखं काही नव्हतंच, कारण पोर जन्मालाच आलं नव्हतं. पेपरावरचं माप खिळ्याला टांगलेलं होतं. आबा त्याच्याकडं बघत चहा प्यायचे आणि ‘‘ठीक चाललंय’’ म्हणून परत यायचे.

मेमध्ये पुतण्याचं लग्न झालं. नव्या चपलेचा मुहूर्त खरं तर तोच होता, पण आबा गेले तात्पुरतीवर आणि भेटेल त्याला नवीचं वर्णन करत राहिले. पंगतीत समोर नवरीचे मामा बसले होते. ‘‘कातडं म्हशीचं,’’ आबा सांगत होते, ‘‘बाभळीची साल आणि हिरडा, यांच्या पाण्यात मुरवायचं. घाई केली की बिघडलं. आणि चपलेत एक खिळा नाही बघा. सगळी शिलाई चामड्याच्या वादीची.’’ त्या गृहस्थांनी हातातली जिलबी हळूच ताटात ठेवली. तिकडं मेव्हण्यांनी नवऱ्याचे जोडे पळवले, त्यावरून दंगा झाला. आबांची चप्पल दिवसभर मांडवाच्या दारात उघडी पडली होती. तिला कुणी हात लावला नाही.

त्या वर्षी पाऊसही मे महिन्यातच आला. ‘‘कातडं वाळाय ऊन नको?’’ मामा म्हणाले. आबांना ते इतकं पटलं की तेच पेठेत सांगत सुटले. पुढं पावसाळ्यात इथं सकाळी एकमेकांना राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारायची पद्धत आहे. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. लोक आबांना पाण्याचं विचारायचे आणि आबा चपलेचं सांगायचे. ‘‘तळ कापून झालाय, ऊन नाही म्हणून थांबलंय.’’ ऐकणाऱ्याला वाटे, घरात कुणी तरी आजारी आहे.

अशात जून संपता संपता मिलानची बातमी आली. प्राडा या इटलीच्या बड्या कंपनीनं फॅशन शोमध्ये पोरांच्या पायांत थेट कोल्हापुरीसारख्या चपला घातल्या होत्या, आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नव्हतं. किंमत लाखाच्या पुढं असल्याची चर्चा. गाव पेटलं. पुढं कंपनीनं मान्य केलं, की प्रेरणा आपल्याकडचीच. पण तोवरचे दिवस आबांच्या आयुष्यातले सोन्याचे होते. कट्ट्यावर बोटं मोडत ते भौगोलिक मानांकन समजावून सांगायचे. ‘‘२०१९ला मिळालंय. आठ जिल्ह्यांना मिळून. आपले चार: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकाचे चार: बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर.’’ आणि शेवटी आवाज उतरवून, ‘‘जगाला आत्ता कळतंय. मी एप्रिलातच टाकलीय.’’

शनिवारी त्यांनी मोबाइलवरचा फोटो मामांपुढं धरला. मामांनी हात पुसले, मोबाइल लांब धरला, जवळ धरला, बराच वेळ पाहिलं.

‘‘अंगठा ढिला हाय,’’ ते म्हणाले. ‘‘माप घेतल्यालं दिसत न्हाई.’’

या बातमीनंतर मामांकडं पुण्या-मुंबईहून फोन यायला लागले. आबांची चप्पल आणखी मागं पडली. दुसरा कुणी असता तर चिडला असता. आबा नव्या गिऱ्हाइकांचे फोन सुरू असताना खुर्चीवर असे बसायचे, जणू रांगेत पहिला नंबर लागलेला माणूस मागच्यांकडं दयेनं बघतोय.

ऑगस्टमध्ये मात्र खरोखरच काम दिसलं. मामांनी भिजवलेल्या तळाची कड रापीनं तासली. चामड्याची एक सलग, कांद्याच्या पातीसारखी साल निघून खाली पडली. मग थरावर थर ठेवून ऐरणीवर ठोकणं. आरीनं भोक पाडायचं, त्यातून वादी ओवायची, दातओठ खाऊन आवळायची, की पुढचं भोक. कान तळाच्या थरांत असा बसवला की तो वरून लावलाय का आतून उगवलाय, ते कळू नये. पलीकडं मामी वेणी विणत होत्या. चामड्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या, त्यांचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि डोळे टीव्हीवर. बोटं एकदाही चुकली नाहीत. आबा गप्प बसून होते. तासाभरानं मला हळूच म्हणाले, ‘‘यांची हजेरी कुणी लावायची, सांग.’’ एवढं बोलून टाइमकीपरनं चष्मा पुसला.

सप्टेंबरात चप्पल झाली. मामांनी ‘‘घेऊन जावा’’ म्हणून फोन केला आणि आबा हादरले. इतकी लवकर होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. ‘‘पितृपक्ष आहे,’’ ते म्हणाले. ‘‘नवी वस्तू कशी न्यायची?’’ पितृपक्ष संपला तर नवरात्र आलं, आणि नवरात्रात आबा अनवाणी. साडेचार महिने मामांनी थांबवलं, शेवटचे पंधरा-वीस दिवस आबांनी स्वतःच भरून काढले.

अखेर दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो. पेपरात गुंडाळलेली चप्पल मामांनी उघडली आणि एरंडेलाचा, चामड्याचा वास खोलीभर झाला. आबांनी ती दोन्ही तळहातांवर घेतली. हात वजनानं खाली गेले.

‘‘घालून बघा की.’’

‘‘उद्या. आज अनवाणी.’’

‘‘तुमची मर्जी. पर बुधवारी म्हटलं हुतं, बुधवारीच दिली.’’

तारीख होती १ ऑक्टोबर. आबांनी मनात हिशेब केला असावा, त्यांचे ओठ हलत होते. ‘‘बाविसावा बुधवार,’’ ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी पूर्ण हजेरी दिल्यासारखी मान डोलावली.

दसऱ्याला संध्याकाळी आबा नवी चप्पल घालून दसरा चौकात आले. मी विचारलं, ‘‘लागते का?’’

‘‘नाही.’’

‘‘डाव्या पायाला?’’

‘‘नाही रे.’’ आवाज पडलेला होता. चप्पल दोन्ही पायांना तंतोतंत बसली होती. तक्रारीला जागा नव्हती, म्हणजे मामांकडं जायला कारण नव्हतं. आवाजाचंही तसंच. चौकात बँड, गर्दी, सोनं लुटायची झुंबड, त्यात विंचवाचं कोण ऐकतो? रात्री साडेदहाला पेठ सामसूम झाल्यावर मला खिडकीतून कर्रकर्र ऐकू आलं. आबा बोळात एकटेच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. तिसऱ्या फेरीला कुत्रं भुंकलं, तेव्हा समाधानानं घरात गेले.

दुसऱ्या दिवशी चप्पल धोतराच्या फडक्यात बांधून कपाटात गेली. का, तर परतीचा पाऊस भिजवेल, उन्हात तेल सुकेल आणि अंबाबाईच्या देवळापाशी कुणी उचलून नेली तर बोलायलाच नको. आबांच्या पायात पुन्हा तात्पुरती आली. तीच ती, सात वर्षांकडं निघालेली.

दोन शनिवार असेच गेले. तिसऱ्या शनिवारी सकाळी काकू स्वतः माझ्या दारात. ‘‘तुला काम आहे का रे संध्याकाळी? यांना ने जरा मामांकडं. दोन शनिवार पाच वाजले की स्वयंपाकघरात येऊन उभे राहतात आणि मोहरी तडतडायच्या आत जिरं घातलं म्हणून सांगतात.’’

‘‘पण चप्पल तर झाली.’’

‘‘रोजच्याला नको का एक?’’ काकू म्हणाल्या.

आम्ही गेलो. आम्हाला बघून मामांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. चहा सांगून झालेला होता. ‘‘माप हाय की तुमचं,’’ ते खिळ्याकडं हात करत म्हणाले.

‘‘नवं घ्या,’’ आबा म्हणाले. ‘‘पाय बदलतो माणसाचा.’’

मामांनी त्या दिवशीचा पेपर पसरला. धनत्रयोदशी होती. आबांनी खाली नीट बघून डावा पाय मजुरीच्या सुटीवर ठेवला आणि छाती भरून श्वास घेतला. मामांनी पेन्सिल उभी धरली, यावेळी काही बोलले नाहीत.

निघताना आबांनी तिथूनच घरी फोन लावला. ‘‘टाकली,’’ म्हणाले. कुठली, केवढ्याला, काकूंनी काहीच विचारलं नाही.

‘‘बुधवारीच देणार ना?’’ एवढी मात्र त्यांनी खात्री करून घेतली.